आजोबांच्या बटणांच्या डब्यात सापडलेला गरुडाचा बिल्ला: कुणाला ओळखता येईल का?

मंगळवारपेठी

नमस्कार मंडळी,

माझ्या आजोबांचं कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ शिवणकामाचं दुकान होतं. दुकान बंद होऊन जमाना झाला, पण तिथलं सामान आमच्या माळ्यावर होतं. परवा माळा आवरताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हाती लागला. आत शिंपल्याची बटणं, पितळी बकलं, गंजलेले हूक, आणि तळाशी फलाटीनच्या तुकड्यात गुंडाळलेला हा बिल्ला. फोटो जोडले आहेत.

रुंदी साधारण सहा-सात सेंटिमीटर. पंख पसरून झेपावणारा पक्षी आहे, गरुड किंवा ससाणा. एकेक पीस वेगळं कोरलेलं दिसतं. चोचीत काहीतरी वाकडं, अर्धवट तुटलेलं धरलंय. अंगाला एक बारीक कडी आहे आणि तिच्यात साखळीचे दोन दुवे अडकलेत, पुढची साखळी गायब. मागे स्क्रूचा दांडा आणि त्यावर गोल चकतीसारखा नट. नटावर अक्षरं आहेत, पण झिजलीत. पुढच्या बाजूला मुकुट, झेंडा, नाव, काहीही नाही.

घरात दोन पक्ष पडलेत. काकांचं म्हणणं, हा राजाराम महाराजांच्या विमानतळावरचा. बाबांचं म्हणणं, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश अधिकाऱ्याचा. विमानाचा विषय निघण्याचं कारण एवढंच, की आजोबा याला कायम 'विमानवाल्याचा बिल्ला' म्हणायचे. कुठल्या विमानवाल्याचा, हे त्यांना कुणी कधी विचारलंच नाही.

विकायचा नाही. फक्त कुणाचा, कुठला, कधीचा हे कळायला हवं. जाणकारांनी मदत करावी.

तांबडा रस्सा

नाद खुळा वस्तू आहे ताई! चोचीत मला तर साप दिसतोय. गरुड आणि नाग. अंबाबाईच्या देवळात गरुड मंडप आहे, तिथल्या कुठल्या उत्सवातला तर नसेल?

सांगलीची सून

एअर इंडियाचा असेल का? जुन्या एअर होस्टेसच्या साडीवर असले बिल्ले असायचे.

वॉरंटसाहेब

हवाई दलातून निवृत्त झालोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सूनबाई, एअर इंडियाचं जुनं चिन्ह म्हणजे धनुर्धारी, अर्धा माणूस अर्धा घोडा. पक्षी नव्हे. ती शक्यता सोडून द्या.

आता बाबांच्या म्हणण्याबद्दल. रॉयल एअर फोर्सच्या वैमानिकाचं चिन्ह म्हणजे दोन्हीकडे पसरलेले पंख, मधे पानांच्या कड्यात आर-ए-एफ ही अक्षरं आणि वर मुकुट. नेव्हिगेटर, गनर वगैरे मंडळींना एकच पंख असायचा आणि त्याच्या मुळाशी अक्षर: एन म्हणजे नेव्हिगेटर, ए-जी म्हणजे एअर गनर. शिवाय ही चिन्हं बहुतेक करून कापडावर भरतकामाची असत, गणवेशावर शिवलेली. धातूची लहान पंखांची पिन मिळते, ती बहुतेक वेळा वैमानिकाच्या बायकोने, आईने, बहिणीने साडीवर-कोटावर लावायची असते.

आपल्याकडचं बघायचं तर भारतीय हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ ला स्थापन झालं. १९४५ मध्ये नावात 'रॉयल' आलं आणि २६ जानेवारी १९५० ला गेलं. त्यामुळे आर-आय-ए-एफ आणि मुकुट असं दोन्ही असलेली वस्तू त्या पाच वर्षांतली, इतकं सोपं गणित आहे. मुकुटावरूनही काळ कळतो. राजाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल, १९५३ नंतर राणीच्या मुकुटाच्या कमानी मधे खाली दबलेल्या.

तुमच्या बिल्ल्यावर मुकुटही नाही, अक्षरही नाही. ब्रिटिश राजवटीत सैन्याची वस्तू मुकुटाशिवाय काढणं अवघड. आपल्या आजच्या हवाई दलाच्या चिन्हातही गरुड आहे, पण तो वर्तुळात, वर अशोकस्तंभ आणि खाली 'नभः स्पृशं दीप्तम्'. तोही हा नव्हे.

एवढं मात्र सांगतो, की हे खरं लष्करी काम वाटतंय. शोभेची पिन इतकी मोठी आणि स्क्रूने घट्ट बसवायची नसते.

घाटावरचा मास्तर

काकांच्या मताबद्दल लिहितो. कोल्हापूरचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी उजळाईवाडीला बांधला, १९३९ साली तो सुरू झाला. त्या काळातल्या संस्थानासाठी ही फार मोठी झेप होती, आणि महाराजांचं नाव आज विमानतळाला आहे ते उगाच नाही. पण संस्थानच्या वस्तूंवर संस्थानचं नाव किंवा राजचिन्ह असतंच. राजाराम रायफल्स या संस्थानच्या पलटणीचे बिल्ले बघा, नाव ठळक असतं. बिननावाचा पक्षी संस्थान कशाला काढेल?

जुनी नाणी

सगळ्यात आधी हात जोडून विनंती: पुसू नका, घासू नका, उजळू नका. काळेपणा आहे तो असू दे. त्या काळेपणातच पिसांच्या रेषा उठून दिसतात, आणि एकदा घासलेली रेष परत येत नाही. मी पदकं आणि बिल्ले जमवतो, आणि चिंच-रांगोळीने 'स्वच्छ' केलेल्या वस्तू बघून जीव तुटतो.

ओळख पटवायची तर मी पुढून सुरुवात करत नाही. चिन्ह कुठलंही असो, गरुड पन्नास देशांनी वापरलाय. आधी पाठ बघायची. पिन आहे, फासा आहे, की स्क्रू? ब्रिटिश बिल्ल्याला बहुधा पिन किंवा मागच्या कड्यांतून जाणारी दुपाती खीळ असते. स्क्रू आणि गोल चकतीचा नट ही पूर्व युरोपातली पद्धत. पोलंड, रशिया, त्या बाजूची. नटावर कारागिराचं नाव आणि गाव कोरायचीही तिकडे पद्धत आहे. म्हणून ती झिजलेली अक्षरं वाचणं सगळ्यात महत्त्वाचं.

दोन गोष्टी करा. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरा, म्हणजे अक्षरांच्या कडांची सावली पडेल. तरी नाही जमलं तर पातळ कागद नटावर ठेवून मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवा.

मंगळवारपेठी

बरं झालं लिहिलंत! आईने पितांबरी काढून ठेवली होती. डबा वरच्या कपाटात ठेवलाय.

तांबडा रस्सा

आईसाहेबांपासून बिल्ल्याला संरक्षण द्या, मग बाकीचं बघू.

कराडचा पाव्हणा

जर्मनांचा असू शकेल. जर्मन हवाई दलाचं चिन्हही झेपावणारा गरुडच होता.

वॉरंटसाहेब

होता, पण त्याच्या नख्यांत स्वस्तिक असायचं आणि वैमानिकाच्या बिल्ल्यावर तो गरुड पानांच्या लंबगोल कड्यावर बसवलेला असे. इथे नख्या मोकळ्या आहेत, जे काही आहे ते चोचीत आहे. फोटो मोठा करून बघा.

हुपरीचा कारागीर

आमच्या घरात तीन पिढ्या चांदीचं काम चालतं, म्हणून धातूबद्दल बोलतो. इतिहास जाणकारांनी सांगावा.

फोटोवरून हे ओतीव काम नाही, ठशाचं आहे. ओतीव वस्तूला भिंग लावलं की बारीक छिद्रं दिसतात, सुईने टोचल्यासारखी, आणि रेषांच्या कडा बोथट असतात. ठशाने दाबलेल्या पत्र्यात धातू दबून घट्ट होतो, रेष धारदार उठते. तुमच्या दुसऱ्या फोटोत पंखाच्या टोकाची शेवटची तीन पिसं बघा. प्रत्येक पिसाच्या मधली शीर दिसते आणि शिरेच्या दोन्ही अंगांनी तिरप्या बारीक रेषा आहेत. इतकं बारीक काम ओतून येत नाही. पंखांच्या मधली जागा करवतीने काढलीय, कडेला उभे ओरखडे आहेत. म्हणजे ठसा मारल्यावर कुणीतरी हाताने बसून एकेक फट मोकळी केलीय. कडी मागाहून झाळलेली आहे, तिच्या बुडाशी झाळीचा थेंब दिसतो.

चोचीतला तुकडा साप नाही. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी पानं आहेत. गोल कडं असणार, अर्धं तुटलंय. चोचीजवळ मान अगदी बारीक आहे, कापडात अडकून तिथेच तुटायचं.

चांदी की जर्मन सिल्व्हर, हे फोटोवरून सांगता येत नाही. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्त. गुजरीत, सराफाकडे नेलात तर कसोटीवर घासू देऊ नका. पाण्याची परीक्षा करा. नट काढून ठेवा. बिल्ल्याचं वजन करा. मग वाटीभर पाणी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि बिल्ला दोऱ्याने पाण्यात बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा जे वजन दाखवेल त्याने पहिल्या वजनाला भागा. दहाच्या वर आलं तर चांदी, पावणेनऊच्या आसपास आलं तर जर्मन सिल्व्हर.

सांगलीची सून

हुपरीचे दादा, हे वाचून मी घरातल्या जुन्या निरांजनावर प्रयोग केला. भागाकार आठच्या पुढे जाईना. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

रत्नांग्रीकर

धागा पळवत नाही, पण विमानाचाच विषय आहे म्हणून विचारतो. मामांच्या कपाटात एक गोल बिल्ला आहे, निळ्या मिन्यावर तीन पांढरे पक्षी. मामा पुण्यात शिकायला होते. तोही असाच काही आहे का?

उंच माझा पतंग

तुमचे मामा ग्लायडर उडवायचे! निळ्यावर पांढरे पक्षी हे ग्लायडिंगचं जगभर चालणारं चिन्ह आहे. एक पक्षी म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी. तिसरा पक्षी मिळवायचा तर नुसतं सरळ घरंगळत उतरून भागत नाही, वर चढणारी हवा शोधून तिच्यावर तरंगून दाखवावं लागतं. पुण्यात हडपसरचं ग्लायडिंग सेंटर जुनं आहे, तिथेच मिळवला असणार. मामा हयात असतील तर आजच फोन करा आणि पहिल्या एकट्याने केलेल्या उड्डाणाबद्दल विचारा. तासभर बोलतील.

रत्नांग्रीकर

मामा आहेत, ऐंशीच्या पुढे आहेत, आणि आम्हाला आजवर एक शब्द बोलले नाहीत. आत्ताच फोन लावतो.

मंगळवारपेठी

दोन्ही गोष्टी केल्या. पाण्याच्या परीक्षेत उत्तर दहाच्या वर आलं, दोनदा करून बघितलं. म्हणजे चांदी. कारागीर दादा, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे.

नटावर पेन्सिल फिरवली. वरच्या ओळीतलं काही वाचता येत नाही. खालच्या ओळीत शेवटची सहा अक्षरं लागली: आर, एस, झेड, ए, डब्ल्यू, ए. त्याच्या आधी एक-दोन अक्षरांची जागा आहे. इंग्रजीत असा शब्द मला तरी माहीत नाही. कागदाचा फोटो जोडलाय.

विस्तुलेकाठी

मी नोकरीनिमित्त पोलंडमध्ये राहते आणि ही सहा अक्षरं रोज बसच्या पाटीवर बघते. आधी डब्ल्यू आणि ए लावा. वॉर्सा. पोलिश लोक उच्चारतात 'वार्शावा'. नट वॉर्सातल्या कारखान्यातला आहे.

आणि मग पक्षीही ओळखीचा निघतो. हा पोलिश हवाई दलाच्या वैमानिकाचा बिल्ला आहे. झेपावणारा चांदीचा गरुड, चोचीत लॉरेलच्या पानांचं कडं, आणि अंगाला साखळी. १९१९ पासून हाच नमुना, ग्रुबेर्स्की नावाच्या शिल्पकाराने केलेला. इथल्या लष्करी संग्रहालयात काचेमागे असे कितीतरी पाहिलेत. साखळीमुळे तर शंकाच उरत नाही, इतर देशांच्या वैमानिकांच्या बिल्ल्याला अशी साखळी मी पाहिलेली नाही.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य आत आलं. जे वैमानिक निसटले ते रुमानिया, फ्रान्स असं करत ब्रिटनला पोचले. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत १४५ पोलिश वैमानिक लढले. त्यांची ३०३ क्रमांकाची स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांची तुकडी, लंडनजवळच्या नॉर्थोल्टवरून उडायची आणि त्या लढाईत तिची कामगिरी सगळ्यात वरच्या स्क्वाड्रनमध्ये मोजली जाते. गणवेश ब्रिटिशांचा निळा, पण छातीवर हाच गरुड. तो त्यांनी सोडला नाही.

पण कोल्हापुरात पापाच्या तिकटीला हा कसा पोचला?

तांबडा रस्सा

अंगावर काटा आला वाचून.

गांधीनगरवाला

विस्तुलेकाठी ताई, उत्तर कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर आहे. वळिवडे.

आम्ही सिंधी. फाळणीनंतर आजोबा-आजी इथे आले ते रिकाम्या बराकींमध्ये. त्या बराकी कुणाच्या, हे आम्हाला लहानपणापासून सांगितलं गेलं: पोलिश लोकांच्या. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे ५,००० माणसांची, भारतातली सगळ्यात मोठी. शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची, मुलांचं स्काउट पथक होतं. रेल्वेची लाइन शेजारून आणि पंचगंगा पलीकडे. ते गेले आणि त्याच जागी आमची गांधीनगरची वसाहत उभी राहिली. आज लोक कापड खरेदीला येतात, पण कुठे उभे आहोत हे फार थोड्यांना माहीत असतं.

ही माणसं कोण होती तेही सांगायला हवं. सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड घेतल्यावर १९४० मध्ये लाखो लोकांना घरातून उचलून सैबेरिया, कझाकस्तानकडे पाठवलं. मोठ्या प्रमाणात अधिकाऱ्यांची, पोलिसांची, जमीनदारांची कुटुंबं. जर्मनी रशियावर उलटल्यावर १९४१ मध्ये करार होऊन त्यांची सुटका झाली. १९४२ मध्ये एक लाखाहून जास्त पोलिश सैनिक आणि नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणला आले. तिथून पुरुष लढाईवर गेले, कुणी मध्यपूर्वेतून इटलीकडे, कुणी ब्रिटनमध्ये हवाई दलात. बायका, मुलं आणि म्हातारी माणसं कराचीमार्गे इकडे. काही मुलं आधीच जामनगरजवळ बालाचडीला होती.

म्हणजे वळिवड्यात वैमानिक राहत नव्हते. वैमानिकांच्या आया, बायका आणि लेकरं राहत होती. महावीर उद्यानात पोलिश स्मारकाचा स्तंभ आहे, कधी शेजारून गेलात तर थांबून वाचा. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं होतं.

विस्तुलेकाठी

त्या स्मारकासमोर मी उभी राहिलेय! परक्या राजधानीत 'कोल्हापूर' वाचून काय वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

जुनी नाणी

आनंदात मीही आहे, पण दोन गोष्टी नजरेआड करू नका.

पहिली, नट निघतो. शंभर बिल्ल्यांचे नट आपसांत बदललेले मी पाहिलेत. म्हणून नुसता नट वॉर्साचा म्हणून बिल्ला वॉर्साचा होत नाही. दुसरी, या गरुडाच्या नकला खूप आहेत, कारण जमवणाऱ्यांची त्याला फार मागणी आहे. पण इथे चार धागे एकाच दिशेने जातात: ठशाचं काम, चांदी, जुळणारा नट, आणि सापडल्याचं ठिकाण. जो डबा आजोबांच्या दुकानातून थेट माळ्यावर गेला, त्यात हल्लीची नक्कल कुठून येणार? माझ्या अनुभवात वस्तू कुठून आली हाच सगळ्यात भक्कम पुरावा असतो, आणि तो नेमका लोक लिहून ठेवत नाहीत.

नट वॉर्साचाच असेल तर काम सप्टेंबर १९३९ च्या आधीचं धरायला हरकत नाही. युद्धकाळात पोलिश हवाई दलासाठी ब्रिटनमध्येही बिल्ले बनले, त्यांच्यावर ब्रिटिश कारखान्यांची नावं येतात. तुमचा पक्षी घरून निघालेला आहे.

दांड्याच्या बुडाशी क्रमांक आहे का बघा. यातल्या बऱ्याच बिल्ल्यांवर मागे क्रमांक ठोकलेला असतो.

घाटावरचा मास्तर

घरून निघालेला असेल तर त्याचा प्रवास कसा झाला असेल याचा विचार करा. वॉर्सा, मग सैबेरियाकडची मालगाडी, कास्पियन, इराण, कराची, वळिवडे. ज्या बाईने तो सांभाळला, तिच्याकडे भाकरीच्या बदल्यात देण्यासारखी हीच एक चांदी असेल. तरी तिने दिली नाही.

कराडचा पाव्हणा

मास्तर, हे जरा जास्त रंगवलंत. वैमानिकानेच युद्धानंतर आणला असेल, कुटुंबाला न्यायला आला तेव्हा. किंवा इराणमध्ये बाजारात विकत घेतला असेल. जे दिसत नाही ते लिहू नये.

घाटावरचा मास्तर

पाव्हणं, मी शक्यता मांडली. तुमचीही शक्यताच आहे. पण १९३९ च्या आधीची चांदीची वस्तू पोलिश छावणीपासून काही मैलांवर सापडते, तेव्हा ती कुटुंबाच्या गाठोड्यातून आली असं म्हणणं जास्त नैसर्गिक नाही का?

वॉरंटसाहेब

दोघांचंही राहू द्या. रशियातल्या कातिनच्या जंगलात १९४० मध्ये सोव्हिएतांनी मारलेल्या पोलिश अधिकाऱ्यांमध्ये हवाई दलाचेही होते, आणि असल्या अधिकाऱ्यांच्याच घरच्यांना कझाकस्तानला पाठवलं. मी गणवेशात आयुष्य काढलंय. छातीवरचं चिन्ह घरी राहतं आणि माणूस परत येत नाही, हे जगातल्या प्रत्येक छावणीत घडलंय. जास्त बोलत नाही.

मंगळवारपेठी

काल रात्री हे सगळं बाबा आणि काकांना वाचून दाखवलं. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, आक्काला फोन लाव.

आक्का म्हणजे माझी मोठी आत्या, इचलकरंजीला असते. ती म्हणाली, दुकानात 'वळिवड्याच्या मडमा' यायच्या हे तिला आईकडून ऐकलेलं आठवतं. घोंगड्यांचे कोट उसवून मुलांना लहान करून घ्यायच्या. खुणांनी बोलायच्या. शिलाई बऱ्याचदा उधार असायची आणि आजोबा वहीत नाव न लिहिता टोपीचं चित्र काढायचे, कारण नाव उच्चारताच यायचं नाही. ती वही आता कुठे आहे कुणालाच माहीत नाही.

बिल्ल्याबद्दल आत्याला एवढंच ठाऊक आहे, की आजोबा तो डबा आवरताना आम्हा मुलांना हात लावू देत नसत. 'ठेवायला दिलाय' म्हणायचे. विकला असं नाही, दिला असंही नाही. ठेवायला दिलाय.

आणि हो, दांड्याच्या बुडाशी क्रमांक आहे! तीन आकडे. इथे लिहीत नाही, जाणकारांना निरोपातून पाठवते.

हुपरीचा कारागीर

'ठेवायला दिलाय' म्हणजे परत न्यायला येणार होते. आमच्या धंद्यातही असे जिन्नस असतात, नावाची चिठ्ठी लावून पिढ्यान्पिढ्या ठेवतात. मोडत नाहीत.

सांगलीची सून

मग आता तो परत द्यायला हवा.

कराडचा पाव्हणा

कुणाला? ऐंशी वर्षं झाली. तुमच्या आजोबांनी जपला, तुमचाच झाला.

गांधीनगरवाला

पाव्हणं, आम्ही सगळं मागे ठेवून आलेली माणसं. कुणी सिंधमधून आमच्या घराची किल्ली आज आणून दिली, तर ऐंशी वर्षं झाली म्हणून आम्ही ती परत पाठवणार नाही. कुटुंब सापडो न सापडो, शोधायला तर हवं.

तांबडा रस्सा

शंभर टक्के. कोल्हापूरकराने ठेव बुडवली असं व्हायला नको.

उंच माझा पतंग

कायद्याची बाजू कुणी बघितली का? जुन्या वस्तू परदेशी पाठवायला बंदी असते ना?

जुनी नाणी

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येतात, हस्तलिखितांना ७५ वर्षं. हा नमुना १९१९ चा आहे, म्हणून वस्तू पाठवायची वेळ आलीच तर आधी पुरातत्त्व खात्याकडून हा शंभर वर्षांहून जुना नाही असं लेखी घ्या. पण आत्ता पाठवायची वेळच आलेली नाही. आधी फक्त माहिती पाठवा.

लंडनमध्ये पोलिश इन्स्टिट्यूट आणि सिकोर्स्की म्युझियम आहे. पोलिश सैन्याचे युद्धकाळातले कागद तिथे आहेत. शिवाय ब्रिटनमधल्या पोलिश हवाई दलात १९४० ते १९४७ या काळात असलेल्यांची यादी इंटरनेटवर 'क्षिस्तेकची यादी' म्हणून मिळते, हजारो नावं आहेत. क्रमांकावरून नाव लागेलच असं नाही, पण दोन्हीकडे विचारायला काही खर्च नाही.

विस्तुलेकाठी

पोलिशमधून पत्र मी लिहून देते. माझी इथली शेजारीण निवृत्त शिक्षिका आहे, तिला सगळं सांगितलं. वळिवड्यात वाढलेल्या मुलांची संघटना इथे आणि ब्रिटनमध्ये बरीच वर्षं भेटीगाठी घेत आलीय, तिची एक मैत्रीण त्यांच्यात जायची. आता बहुतेक सगळे नव्वदीच्या आसपासचे आहेत. म्हणून हे काम दिवाळीनंतर बघू असं करू नका. टोपीचं चित्र आणि घोंगडीचे कोट हेही पत्रात घालूया. कुणाला तरी आपला कोट आठवेल.

रत्नांग्रीकर

मामा काल दीड तास बोलले. हडपसरच्याच आकाशात तिसरा पक्षी मिळाला म्हणाले. वेगळा धागा काढतो, इथे गर्दी नको. मंगळवारपेठी ताई, तुमच्यामुळे झालं.

मंगळवारपेठी

घरात एकमत झालंय, आणि काका-बाबांचं एकमत ही आमच्याकडे मोठी बातमी आहे. बिल्ला आमच्याकडे ठेव म्हणून राहील. कुटुंब सापडलं तर त्यांचा. सापडलं नाही तर वळिवड्याच्या आठवणी जिथे नीट जपल्या जातील अशा कोल्हापुरातल्याच जागी द्यायचा, आजोबांच्या दुकानाच्या माहितीसकट. आत्याचं बोलणं रविवारी इचलकरंजीला जाऊन रेकॉर्ड करते.

विस्तुलेकाठी ताई, पत्राचा मराठी मजकूर आज रात्री पाठवते. जुनी नाणी दादा, तोवर बिल्ला कशात ठेवू? फलाटीनच्या तुकड्यातच राहू दे का?

जुनी नाणी

फलाटीनचा तुकडा फेकू नका, तोही पुराव्याचा भाग आहे, पण वेगळा ठेवा. लोकरीत गंधक असतं, चांदी त्याने आणखी काळी पडते. रबर बँड आणि प्लास्टिकची मऊ पाकिटं तर अजिबात नको. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात, झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. हाताळताना कडांना धरा. साखळीचे ते दोन दुवे ओढून बघू नका, नट पुन्हा घट्ट पिळू नका. आणि पत्रासोबतचे फोटो पुढून, मागून आणि बाजूने असे तीन काढा, प्रत्येकात शेजारी मोजपट्टी ठेवा. क्रमांकाचा फोटो आडव्या उजेडात.